गप्प मीटर

तळोज्याच्या एमआयडीसीत वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे काढण्यासारखं एक काम चालतं, आणि ते बहुतेक रात्री चालतं. दिवसा शेडमध्ये वेल्डर, फिटर, हेल्पर, क्रेनवाला अशी पन्नास माणसं वावरत असतात. त्यांना लांब ठेवणं कठीण. म्हणून पाळी सुटून शेड रिकामी झाली की दोरी बांधायची, लाल दिवे लावायचे, तीन पाकळ्यांच्या चिन्हाची पाटी अडकवायची आणि मगच कॅमेरा उघडायचा. कॅमेरा म्हणजे जड धातूचं कवच असलेली पेटी. तिच्यात एका केबलच्या टोकाला इरिडियम-१९२ ची बारीकशी गोळी असते. लांब उभं राहून क्रँक फिरवला की ती गोळी नळीतून सरकत वेल्डच्या जोडापाशी जाते, पलीकडे लावलेल्या फिल्मवर जोडाच्या आतली भेग उमटते, आणि उलटा क्रँक फिरवला की गोळी परत पेटीत येते. रेडिओग्राफीवाले तिला नुसतं ‘सोर्स’ म्हणतात.

हे काम करणाऱ्या एका माणसाची आणि त्याच्या लेकीची ही गोष्ट. गावात सगळे त्याला दादा म्हणत, घरी लेकही दादाच म्हणायची, आणि तो तिला बाय म्हणायचा. आपणही तेच म्हणू.

दादाची एक सवय होती. सोर्स परत आत आला, क्रँक पुढे फिरेना, पेटीवरची खूण ‘बंद’ दाखवू लागली, तरी तो मीटर हातात धरून पेटीपर्यंत चालत जायचा आणि नळीच्या टोकापर्यंत मीटर फिरवायचा. रात्रीच्या प्रत्येक शॉटनंतर. सोबतचे पोरगे कंटाळायचे. दादा म्हणायचा, “सोर्स आत गेला हे तुला कोण सांगतंय? तुझा हात. हात दमलाय, त्याला घरी जायचंय. मीटरला घरी जायचं नाही.”

एका रात्री क्रँक पूर्ण फिरला होता, पण मीटरची सुई खाली येईना. पोरगा फिल्म काढायला निघालाच होता. दादाने कॉलर धरून त्याला मागे ओढलं, दोरी आणखी लांब सरकवली, आरएसओला, म्हणजे किरण सुरक्षा अधिकाऱ्याला, फोन केला आणि कुणालाही आत जाऊ न देता पहाटेपर्यंत पहारा दिला. नळीच्या वळणात सोर्स अडकून बसला होता. तो नीट परत आणला गेला, कुणाला काही झालं नाही. ज्या रात्री काहीच होत नाही, त्या रात्रीची बातमी होत नाही. पण १९९९ मध्ये पेरू देशात यानांगो इथे जे झालं त्याची झाली. तिथे असाच एक इरिडियमचा सोर्स पेटीतून निसटून पडला. एका वेल्डरला तो सापडला, काहीतरी कामाची वस्तू असेल म्हणून त्याने पँटच्या मागच्या खिशात घातला आणि काही तास तसाच वावरला. पुढे त्याचा पाय कापावा लागला. दादाला ही हकीकत प्रशिक्षणात कळली होती. त्यानंतर वाटेत पडलेला खिळासुद्धा तो उचलून बघितल्याशिवाय पुढे जात नसे, आणि उचलण्याआधी मीटर लावत असे.

आणखी एक धडा त्याला मीटरनेच दिला होता. एकदा काम सुरू करण्याआधी सहज त्याने मीटर बंद पेटीला टेकवला. पेटी बंद असली तरी तिच्या अंगाला थोडा किरणोत्सार असतोच, सुई थोडी तरी हलायला हवी. हलली नाही. बॅटरी गेली होती. त्या दिवसापासून दादा कामाच्या आधी मीटरला पेटीशी भिडवायचा, सुई हलली की मगच कामाला लागायचा. “मीटर गप्प असला की आधी मीटरला विचारायचं, तू जिवंत आहेस का?”

बाय या बोलण्यातच वाढली. दिवा-पनवेल मार्गाच्या गाडीने कॉलेजला गेली, पदवी घेऊन गोव्याला सागरविज्ञान शिकायला गेली, आणि तिथे तिच्या हाती आला कार्बन-१४. दादाला आधी हसू आलं, मग अभिमान वाटला. कारण त्याचा इरिडियम आणि लेकीचा कार्बन, दोन्ही पुरवणारी सरकारी संस्था एकच: वाशीत मुख्यालय असलेलं विकिरण व समस्थानिक प्रौद्योगिकी मंडळ, म्हणजे ब्रिट. दोन्हींवर देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची.

पहिल्या समुद्रसफरीआधी बाय चार दिवस तळोज्याला आली होती. जेवणं झाल्यावर दादाने विचारलं, “जहाजावर तुझा मीटर कुठला?”

“मीटर आहे दादा, पण तो माझ्या कामाचा नाही.”

दादाला हे पटेना. बायने समजावलं. समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात, त्यांना वनस्पतीप्लवक म्हणतात. सूर्यप्रकाशात त्या पाण्यातला कार्बन शोषून वाढतात, आणि समुद्रातल्या माशांपर्यंतची सगळी साखळी त्यांच्यावर चालते. त्यांची वाढ मोजायची तर पाण्याच्या बाटलीत किरणोत्सारी बायकार्बोनेट थोडं घालायचं, बाटली दिवसभर उजेडात ठेवायची आणि संध्याकाळी गाळून बघायचं, की त्यातलं किती त्या जीवांनी खाल्लं. ही पद्धत डेन्मार्कच्या स्टीमान निल्सन यांनी शोधली आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. १९५०च्या दशकारंभी ‘गॅलेथिया’ जहाजाच्या जगप्रवासात त्यांनी ती वापरली होती. आपल्याकडे १९९०च्या दशकात ‘सागर कन्या’ जहाजावरून अरबी समुद्राचा जो मोठा अभ्यास झाला, त्यातही हीच पद्धत होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की हिवाळ्यात ईशान्य अरबी समुद्राचं वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं, खालचं खतयुक्त पाणी वर मिसळतं आणि भर हिवाळ्यात समुद्र पिकतो. आपल्या किनाऱ्यावरचं मासळीचं गणित समजून घ्यायला असे आकडे लागतात, आणि ते आकडे या बाटल्यांतून येतात.

“बरं,” दादा म्हणाला, “पण मीटर का नाही?”

“तुझा गॅमा आहे, लोखंडातून पार जातो. माझा बीटा आहे, तोही फार हलका. हवेत फार तर वीतभर जातो, कातडीच्या वरच्या थरात थांबतो. मीटरच्या नळीची भिंत जाड असली तर आत शिरतच नाही. पातळ खिडकीचा मीटर अगदी जवळ धरला तर थोडाफार ऐकतो. पण एक-दोन थेंब वाळून बसले असतील तर तोही गप्प.”

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे मीटर तीन कारणांनी गप्प असतो. काही नसतं म्हणून. मेलेला असतो म्हणून. आणि बहिरा असतो म्हणून. तिसरं मला माहीत नव्हतं.”

“मग तुम्हाला कळतं कसं?” हे आईने ओट्याजवळून विचारलं.

“पुसून बघतो आई. ओल्या फिल्टर कागदाने दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर जागा पुसायची, तो कागद बाटलीत घालायचा, त्यात एक द्रव असतो, किरणोत्साराने तो चमकतो. यंत्र ते चमकणं मोजतं. पण यंत्र किनाऱ्यावर आहे. जहाज परत आल्यावरच कळणार.”

“तोवर?”

“तोवर सगळं लागलेलंच आहे असं धरून चालायचं.”

आई म्हणाली, “मिरच्या चिरल्यावर आपण तसंच वागतो. हात धुतला तरी डोळ्याला लावत नाही.”

मामा पाहुणा आला होता. तो कारखान्यांतला घातक कचरा वाहणाऱ्या गाडीवर होता. त्याला वाटलं, भाचीचा कचराही तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात सहज जाईल. बायने सांगितलं, नाही जाणार. किरणोत्सारी कचऱ्याला घातक कचऱ्याचे नियम लागूच होत नाहीत. त्याचा कायदा वेगळा. तेव्हा तो १९६२चा अणुऊर्जा कायदा होता, आणि त्याखाली १९८७चे विल्हेवाटीचे नियम. हातमोजा, कागद, बाटलीचं बूच, सगळं वेगळं साठवायचं, नोंदवायचं आणि ठरलेल्या ठिकाणीच द्यायचं. मामाने मान डोलावली. गाडीत काय चढलं याची पावती नसेल तर तो गाडी हलवत नसे, त्यामुळे त्याला हे लगेच कळलं.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे, नाहीतर वाचकाच्या मनात भलतीच भीती बसेल. बायच्या एका अँप्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या बंद कुपीत, पाच मायक्रोक्युरी कार्बन-१४ असे. दादाचे सोर्स क्युरीत मोजायचे, आणि मायक्रोक्युरी म्हणजे क्युरीचा दहा लाखावा भाग. अख्खी अँप्यूल पोटात गेली तरी शरीराला मिळणारा डोस ०.१ मिलिसिव्हर्टच्या आसपास, म्हणजे सामान्य माणसासाठी ठरवलेल्या १ मिलिसिव्हर्टच्या वार्षिक मर्यादेचा दहावा हिस्सा. म्हणून कुणी ती प्यावी असं नव्हे. जहाजावर तर अशा खोलीत चहाचा कपसुद्धा न्यायचा नाही, हा नियमच आहे. पण बायच्या कामात माणूस मरण्याचा धोका जवळजवळ नव्हता. धोका दुसऱ्याच कशाला होता.

समुद्राच्या पाण्यात निसर्गतःच थोडा कार्बन-१४ असतो. किती? एक लिटर पाण्यात साधारण तीन मिनिटांनी एक अणू फुटेल इतका. बायच्या एका अँप्यूलमध्ये दर सेकंदाला १ लाख ८५ हजार अणू फुटतात. हिशेब केला तर एका अँप्यूलमधला कार्बन-१४ हा तीन कोटींहून जास्त लिटर समुद्रात असतो तेवढा. आता असा विचार करा, की दुसरा कुणी शास्त्रज्ञ तोच नैसर्गिक कार्बन-१४ मोजायला त्याच जहाजावर आला आहे. पाणी किती वर्षांपूर्वी पृष्ठभागावर होतं, अणुचाचण्यांतून हवेत गेलेला कार्बन समुद्राने किती शोषला, हे तो त्यातून काढतो. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात अरबी समुद्रात हेच केलं, आणि १९७७-७८ च्या जिओसेक्स या सागरी मोहिमेच्या आकड्यांशी आपले आकडे ताडून बघितले. अशा माणसाच्या बाटलीच्या बुचाला बायच्या अँप्यूलचा एक वाळलेला थेंब लागला, तर त्याची मोहीम वाया गेली. त्याहून वाईट म्हणजे आकडा थोडासाच बिघडला, तर त्याला ते कळणारही नाही. तो खोटा आकडा खरा म्हणून छापेल, आणि पुढची माणसं त्यावर आपले आकडे बांधतील.

म्हणूनच जगभर अशा बहुतेक जहाजांवर ट्रेसरचं, म्हणजे माग काढायला घातलेल्या किरणोत्सारी पदार्थाचं, काम मुख्य प्रयोगशाळेत करत नाहीत. डेकवर वेगळा कंटेनर ठेवतात. त्यातली माणसं, बूट, हातमोजे, सांडपाणी, सगळं वेगळं. अमेरिकेत विद्यापीठांच्या संशोधन जहाजांवर कार्बन-१४ आणि ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, कुठे लागलं आहे का, हे पुसून तपासायची व्यवस्था मायामी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे आहे. ट्रिशियमचा बीटा तर इतका दुबळा, की साध्या मीटरला तो कधीच ऐकू येत नाही.

बायच्या जहाजावरही मागच्या डेकवर असा कंटेनर होता. पहाटे अंधारात वेगवेगळ्या खोलीचं पाणी वर यायचं. ते बाटल्यांत भरून त्यात अँप्यूल ओतायची, काही बाटल्या काळ्या पिशवीत, बाकीच्या उघड्या, आणि सगळ्या दोरीला बांधून, वर तरंगता बोया लावून, सूर्य उगवायच्या आत त्या-त्या खोलीवर सोडायच्या. सूर्यास्ताला परत ओढायच्या आणि लगेच गाळायच्या. ही दोरी सोडणं आणि ओढणं सारंग चाचांच्या हाती होतं. ते रत्नागिरीकडचे, उभं आयुष्य जहाजावर गेलेलं. कंटेनरमध्ये काय चालतं हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. बायने पहिल्याच दिवशी अर्धा तास बसून सांगितलं. चाचा म्हणाले, “पोरी, इतकी वर्षं आम्ही हा डबा उचलून ठेवतोय, आत काय आहे ते आज कळलं.”

सफर निम्मी झाली असताना ते घडलं. कंटेनरमधला व्हॅक्युम पंप संध्याकाळी बंद पडला. बाटल्या नुकत्याच वर आल्या होत्या. गाळायला उशीर झाला की आतले जीव शोषलेला कार्बन पुन्हा सोडू लागतात आणि दिवसभराची मेहनत बिघडते. बायचा सिनियर सहकारी, कामाचा माणूस, चार रात्री नीट झोपलेला नाही. त्याने विचार केला, आतल्या वेट लॅबमध्ये, म्हणजे पाण्याचे नमुने हाताळायच्या प्रयोगशाळेत, दुसरा पंप आहे. ट्रे उचलला, कंटेनरमधून बाहेर, पॅसेजमधून आत. पॅसेजच्या वळणावर जहाज एका अंगाला झुकलं. एका बाटलीचं बूच सैल होतं. थोडं पाणी ट्रेमध्ये, थोडं जमिनीवर.

त्याने कागदाने पुसलं, मीटर आणून जमिनीजवळ फिरवला. मीटर गप्प. त्याला खरंच सुटल्यासारखं वाटलं.

बाय आली तेव्हा त्याने लपवलं नाही, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. म्हणाला, “थोडं सांडलं होतं. बघितलं मी. काही नाही.”

“कशाने बघितलं?”

मीटर दाखवताच दोघांच्याही लक्षात आलं. तोही शिकलेला होता, पण दमलेल्या माणसाला जे ऐकायचं असतं ते सांगणारं यंत्र आधी हाताशी येतं.

त्यानंतरचा अर्धा तास वादात गेला. तो म्हणाला, मुख्य शास्त्रज्ञांना सांगितलं तर नोंद होईल, नोंद झाली की चौकशी होईल, पुढच्या सफरीत कंटेनरच काढून टाकतील. सांडलं किती? चमचाभर. कुणाला काही होणार आहे का? नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण बायला पुढच्या सफरीचं वेळापत्रक माहीत होतं. याच जहाजावर, याच वेट लॅबमध्ये, दुसऱ्या शहरातली एक तुकडी नैसर्गिक कार्बन-१४ मोजायला येणार होती.

नोंद न करण्याचं काय होतं, याचं आपल्या देशातलं उदाहरण दिल्लीचं आहे. दिल्ली विद्यापीठात कोबाल्ट-६० असलेलं एक उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होतं. ते काय आहे हे माहीत असणारी माणसं एकेक करून गेली. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगारात लिलावाने गेलं, मायापुरीच्या भंगार बाजारात फोडलं गेलं, कामगार आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. पॅसेजमधलं चमचाभर पाणी आणि ते कोबाल्ट यांची ताकद सारखी नाही, पण दोन्हीकडे चूक एकाच जागी जन्मते: ज्याला माहीत आहे तो सांगत नाही, आणि जो नंतर येतो त्याला विचारायचं काय हेच कळत नाही.

बायने मुख्य शास्त्रज्ञांच्या केबिनचं दार वाजवलं. सिनियरला सोबत घेऊनच. “सर, पॅसेज बंद करावा लागेल.”

मेसला जायचा तोच रस्ता होता आणि जेवणाची वेळ झाली होती. खलाशी कुरकुरले. सारंग चाचांनी दोरी आणली, दोन्ही टोकांना बांधली, आणि सगळ्यांना वरच्या डेकवरून फिरून जायला लावलं. ज्यांचे बूट पॅसेजमधून गेले होते, ते बूट काढून पिशवीत घातले गेले. चाचांनी आपलेही दिले आणि उरलेली रात्र चपलेवर काढली.

आता साफ करायचं होतं. कुणीतरी वेट लॅबमधलं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल आणलं, त्याने डाग चांगले निघतात म्हणून. बायने बाटली परत ठेवायला लावली. बायकार्बोनेटवर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे जमिनीवरचा कार्बन-१४ हवेत जाईल, एसीच्या नळीतून जहाजभर फिरेल. तिने धुण्याच्या सोड्याचं पाणी केलं, बाहेरून मध्याकडे पुसत गेली, प्रत्येक कागद एकदाच वापरून पिशवीत. बादलीतलं पाणी समुद्रात ओतावं, असं दुसऱ्याने सुचवलं, समुद्र एवढा मोठा आहे. किरणोत्सारी कचरा समुद्रात टाकणं जगातल्या बहुतेक देशांनी १९९३ मध्ये ठरवून बंद केलं. पण बायने नियम सांगितला नाही. ती म्हणाली, “उद्या पहाटे आपण याच पाण्यातून नमुने घेणार आहोत.” बादली झाकण लावून कंटेनरमध्ये गेली.

मग पुसणी. तिने पॅसेजचा नकाशा कागदावर काढला, चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनाचा एक फिल्टर कागद, प्रत्येकाला क्रमांक. सिनियर तिच्या बरोबरीने गुडघ्यावर बसला. जमीन संपल्यावर त्याला वाटलं झालं. बाय म्हणाली, “आता हात.” म्हणजे जिथे-जिथे हात लागला असेल ते सगळं: कंटेनरची कडी, वेट लॅबचा दरवाजा, नळाची चावी, पंपाचं बटण, फोनचा रिसीव्हर, पॅसेजच्या भिंतीला असलेला धरायचा दांडा, नोंदवहीला दोरीने बांधलेलं पेन. रात्री दोन वाजता काम संपलं, आणि काय सापडलं याचं उत्तर मिळायला किनारा यायचा होता. उरलेली सफरभर वेट लॅबचा तो कोपरा आणि पॅसेज बंदच राहिला. रोज तीन वेळा सगळ्यांना वरून फिरून जेवायला जावं लागलं.

मुरगावला परत आल्यावर कागद यंत्रात गेले. जमीन स्वच्छ निघाली. जिथे थेंब पडले होते, तिथले आकडे पार्श्वभूमीइतकेच. वेट लॅबचं टेबल स्वच्छ, दरवाजा स्वच्छ. दोनच जागी आकडा वर गेला. एक, पॅसेजच्या वळणावरचा दांडा. जहाज झुकलं तेव्हा सिनियरने ट्रे एका हाताने सावरून दुसऱ्या हाताने तो पकडला होता, हातमोज्यासकट. त्याला ते आठवतही नव्हतं. आणि दोन, नोंदवहीचं पेन. ते त्या संध्याकाळचं नव्हतंच. सफर सुरू झाल्यापासून प्रत्येकाने हातमोजा घातलेल्या हाताने त्या पेनने नोंदी केल्या होत्या. बायनेही. सांडल्याची नोंदसुद्धा तिने त्याच पेनने लिहिली होती.

तिने तेही अहवालात घातलं: कोणत्या तारखेला पेन कुणाकुणाच्या हातात होतं, स्वतःचं नाव पहिलं. पेन आणि नोंदवहीचा पुठ्ठा कचऱ्याच्या पिशवीत गेला, पानांच्या प्रती काढून नवी वही झाली. दांडा पुसला, मोजला, पुन्हा पुसला, पुन्हा मोजला, आकडा पार्श्वभूमीला येईपर्यंत. त्यानंतर कंटेनरमध्ये एक माणूस नुसता लिहायला बसू लागला, आणि त्याने कशालाही हात लावायचा नाही असं ठरलं.

तळोज्याला आल्यावर तिने दादाला सगळं सांगितलं. दादाने एकच चौकशी केली. “त्या पोरावर ओरडलीस का?”

“नाही.”

“बरं केलंस. मी ज्याची कॉलर धरली होती त्याला त्या रात्री चार शिव्या दिल्या होत्या. नंतर वर्षभर तो मला काही सांगायचा नाही. फिल्म खराब झाली तरी लपवायचा.” बायला हे नवीन होतं. दादाच्या त्या रात्रीची गोष्ट तिने लहानपणापासून शंभरदा ऐकली होती, पण हा भाग कधीच ऐकला नव्हता.

पुढची तुकडी महिन्याभराने आली. तिच्या प्रमुख मॅडमनी आधी अहवाल मागवून वाचला होता. जहाजाच्या जिन्याशीच त्यांनी नकाशा मागितला. आपल्या पेट्या धक्क्यावरच ठेवल्या, स्वतःच्या माणसांकडून स्वतःच्या पुसण्या घेतल्या आणि निकाल येईपर्यंत एकही बाटली वर चढवली नाही. निकाल स्वच्छ आला. तरीही त्यांनी ती वेट लॅब घेतली नाही. बाटल्या जहाजाच्या पुढच्या भागातल्या एका लहान खोलीत उघडायचं ठरवलं. खोली अडचणीची होती, पाणी लांबून वाहून आणावं लागणार होतं. सारंग चाचांनी त्यासाठी दोन माणसं जास्तीची दिली. बायला क्षणभर वाईट वाटलं. इतकं पुसलं, इतकं मोजलं, तरी भरवसा नाहीच. पण त्यांच्या जागी ती असती तर तिनेही तेच केलं असतं, हे तिला कळत होतं. आणि अहवाल नसता, तर मॅडम निर्धास्तपणे त्याच टेबलावर बाटल्या मांडून बसल्या असत्या.

जायच्या आधी मॅडमनी विचारलं, “तो दांडा नेमका कुठला?”

सिनियर तिथेच उभा होता. महिन्याभरापूर्वी नोंद नको म्हणणारा तोच. तो पुढे झाला, त्यांना पॅसेजमध्ये घेऊन गेला, वळणावर थांबला, ट्रे कसा धरला होता, जहाज कुठल्या अंगाला झुकलं, कुठला हात सुटला, हे सगळं करून दाखवलं, आणि दांड्यावरची जागा बोटाने दाखवली. “इथे. हा हात, या जागी. तुमच्या माणसांना सांगा, माझ्यासारखं कुणी हातमोज्यासकट या दांड्याला धरू नये.”

मॅडमनी वहीत लिहून घेतलं.